उगवत वरच्या बाजूला

हाताने केलेल्या नकाशांच्या सामूहिक प्रदर्शनासाठी मी जे पहिले पत्र लिहिले, त्यात चार अटी होत्या. नकाशा दोन फूट बाय तीन फूट असावा, उत्तर दिशा वरच्या बाजूला असावी, प्रमाण लिहिलेले असावे आणि खुणांची सूची उजव्या कोपऱ्यात असावी. कोल्हापुरातल्या एका शाळेत सव्वीस वर्षे चित्रकला शिकवताना मुलांना समास सोडायला आणि कागदाची वरची बाजू ओळखायला शिकवले होते. त्याच सवयीने या अटी माझ्या हातून लिहिल्या गेल्या. पत्र बारा जणांना गेले. चार महिन्यांनी नकाशे माझ्या घरी येऊ लागले, तेव्हा चारही अटी पाळणारा एकही नकाशा त्यांत नव्हता. एका नकाशाने तर एकही अट पाळली नव्हती, आणि तो पाहिल्यावर मी माझे पत्र पुन्हा काढून वाचले.

या प्रदर्शनाचे मूळ ऑगस्ट २०१९ मधल्या एका कागदात आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना पंचगंगेची इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे आकडे कोल्हापुरात शाळकरी मुलांनाही पाठ असतात. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेले. आमच्या शाळेत पूरग्रस्तांची सोय केलेली होती आणि बाहेरगावाहून बोटी घेऊन आलेली मुले वर्गाच्या दाराशी उभी राहून विचारत होती, की नदीकाठच्या चिखली गावात अजून कोण अडकले आहे आणि तिथे पोहोचायचे कसे. त्यांच्या फोनमधल्या नकाशात रस्ते होते, पण ते सगळे पाण्याखाली होते. तेव्हा भिंतीशी बसलेल्या साठीच्या एका बाईंनी माझ्याकडे पेन मागितले आणि धान्यवाटपाच्या यादीच्या पाठकोऱ्या बाजूवर त्या रेघा ओढू लागल्या. मारुतीच्या देवळाचा कळस, पिठाच्या गिरणीचे पत्र्याचे छप्पर, वडाचा शेंडा, दुमजली घराची गच्ची, असे पाण्याच्या वर जे काही दिसत असेल तेवढेच त्यांनी काढले. जे बुडाले होते ते त्यांनी काढलेच नाही. बोटीवरची मुले तो कागद घेऊन गेली आणि संध्याकाळी चार माणसांना घेऊन परत आली. कागद मी दुसऱ्या दिवशी मागितला, पण तो भिजून त्याचा लगदा झाला होता.

त्या बाईंना मी तेव्हापासून आक्का म्हणते. तो कागद जपून ठेवता आला नाही, ही रुखरुख मला पुढची काही वर्षे राहिली, आणि असे नकाशे आणखी कुणाकुणाच्या हातात असतील, ते एकदा एका भिंतीवर आणावेत, असे वाटू लागले.

नकाशा आणि नक्षी हे दोन्ही शब्द अरबी ‘नक्श’ या एकाच मुळातून आपल्याकडे आले. शाळेत मात्र पहिला शब्द भूगोलाच्या तासाला गेला आणि दुसरा माझ्या तासाला आला. भूगोलाच्या परीक्षेत छापील आराखड्यात नद्या आणि खनिजे भरायची असतात. त्या आराखड्याची सीमारेघ कधीच मुलाने ओढलेली नसते. मला प्रदर्शनात ती रेघ माणसाने स्वतः ओढलेली हवी होती.

पहिली बैठक माझ्या घरी झाली. आलेल्यांपैकी पाच जण कलामहाविद्यालयात शिकलेले होते, बाकीचे नव्हते. या मिश्रणावरून मला दोघातिघांनी आधीच सावध केले होते, की शिकलेल्यांना ते कमीपणाचे वाटेल आणि न शिकलेल्यांना दडपण येईल. मी त्या संध्याकाळी सगळ्यांना काही चित्रांच्या प्रती दाखवल्या. अलीगढमध्ये १९३७ साली जन्मलेल्या आणि आयुष्यभर देशोदेशी राहिलेल्या झरीना यांनी आपल्या वडिलांच्या घराचा आराखडा काढला आहे. त्यात खोल्यांची नावे उर्दूत लिहिलेली आहेत. ‘डिव्हायडिंग लाइन’ या २००१ सालच्या लाकूडठशात तर त्यांनी फाळणीची फक्त रेघ ठेवली, तिच्या दोन्ही बाजूंना देशांची नावेही नाहीत. इटलीच्या अलिगिएरो बोएत्ती यांनी १९७१ पासून अफगाण बायांकडून जगाचे नकाशे भरतकामात करून घेतले, त्यांत प्रत्येक देशाच्या जागी त्याचा ध्वज आहे. त्यांतल्या काही नकाशांत समुद्र गुलाबी झाला आहे, कारण कोणता धागा घ्यायचा हे भरणाऱ्या हातांनी ठरवले. मुंबईच्या रीना सैनी कल्लाट यांनी विजेच्या तारा विणून स्थलांतरितांच्या वाटांचा जगभराचा नकाशा केला आहे. गुलाबी समुद्राचे चित्र हातोहात फिरत आक्कांपर्यंत गेले, तेव्हा त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि विचारले, “आतनं शिलाई कशी हाय त्याची?” त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कुणाकडेही नव्हते. बैठकीतले अवघडलेपण तिथे संपले, कारण पाचही शिकलेल्यांनी ती प्रत परत मागून घेतली आणि टाक्यांच्या दिशा शोधू लागले.

एकही अट न पाळलेला तो नकाशा म्हणजे आक्कांची वाकळ.

वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेले अंथरूण-पांघरूण. देशावर इतरत्र तिला गोधडी म्हणतात. आक्कांची वाकळ दोन माणसे झोपतील एवढी मोठी होती. वरून पाहिले तर पांढरट जमिनीवर रंगीबेरंगी तुकडे, मधून एक निळसर इरकलीचा वळत गेलेला पट्टा. तो पट्टा नदी. तुकडे म्हणजे घरे, आणि प्रत्येक घराचा तुकडा आक्कांनी त्या घरी जाऊन मागून आणलेला होता. कुणी सदऱ्याची बाही दिली, कुणी परकराचा घेर, कुणी मरून गेलेल्या सासूच्या लुगड्याचा काठ. गावातली कुणीही बाई त्या वाकळेसमोर उभी केली असती, तर खुणांच्या सूचीशिवाय तिने घर अन् घर ओळखले असते. माझी चौथी अट तिथेच निकामी झाली.

मग मी उत्तर कुठे आहे ते विचारले. आक्कांनी उजव्या-डाव्या हातांचा हिशेब केला आणि नदीच्या डावीकडच्या काठाला बोट लावले. मी म्हटले, आक्का, म्हणजे तुम्ही पूर्व वरच्या बाजूला ठेवली. त्या म्हणाल्या, “उगवतच की वर. डोस्कं उगवतीकडं करून निजत्यात, मग वाकळंचं वरचं टोक दुसरीकडं कुठं जाणार, बाई?”

त्या गेल्यावर मी पुस्तके उघडली. तेराव्या शतकातल्या जर्मनीतल्या एब्स्टॉर्फच्या मोठ्या जगनकाशात पूर्व वर आहे. मूळ नकाशा १९४३ च्या बाँबहल्ल्यात नष्ट झाला, पण त्याच्या प्रतींवरून बडोद्याच्या गुलाममोहम्मद शेख यांनी आपली ‘मप्पामुंडी’ चित्रे रचली आणि त्यांत कबीर, मीरा आणि आपल्या गल्ल्या आणून वसवल्या. अल-इद्रिसीने ११५४ मध्ये सिसिलीच्या राजासाठी केलेल्या नकाशात दक्षिण वर आहे. उरुग्वेच्या होआकीन तोरेस-गार्सिआ यांनी १९४३ मध्ये दक्षिण अमेरिका मुद्दाम उलटी काढली, कारण आपली उत्तर म्हणजे दक्षिणच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. उत्तर वर ठेवणे हा एक संकेत आहे, हे मी पूर्वीही वाचले होते. पण ज्या संकेताला मी नियम समजून पत्रात लिहिले होते, त्याच्या जागी दुसरा, तितकाच सकारण संकेत माझ्या सतरंजीवर अंथरलेला मी पहिल्यांदा पाहत होते.

वाकळेत आणखी एक गोष्ट होती, जी मला त्या दिवशी दिसलीच नाही. पंचगंगेच्या पाच नद्या म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती. प्रयाग चिखलीच्या संगमावर लहानपणापासून जाणाऱ्या माणसाच्या लेखी ही पाचवी नदी चारींइतकीच खरी आहे. जी दिसत नाही ती नदी नकाशात कशी काढायची, हा प्रश्न आक्कांनी पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने टाके घालून सोडवला होता. डोळ्यांना ती रेघ कळत नाही. तळहात फिरवला की टाक्यांचा उंचवटा लागतो आणि तो थेट संगमापर्यंत जातो. दालनात ‘कलाकृतींना हात लावू नये’ अशी पाटी ठोकलेली असते. वाकळेजवळची पाटी आम्ही काढली.

प्रमाणाच्या अटीचा निकाल अण्णांनी लावला. ते भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले भूकरमापक. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या. मी त्यांना सल्ल्यासाठी बोलावले होते, कारण बाराही जणांचे नकाशे कोणत्या तरी एका प्रमाणात बसवता येतील का, हे मला त्यांच्याकडून समजून घ्यायचे होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि टिपण म्हणजे काय ते मला समजावून सांगितले. जुन्या मोजणीत प्रत्येक सर्व्हे नंबराचे एक टिपण असते. मोजणीदार शेतात उभा राहून शेताची आकृती हाताने काढतो आणि प्रत्येक रेघेवर साखळी-आण्यांत लांबी लिहितो. ३३ फुटांची एक साखळी, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. आकृती प्रमाणात नसते. लांब बांध आखूड दिसतो, तिरपा कोपरा सरळ दिसतो. तरीही बांधाचा वाद झाला की गावनकाशाच्या जोडीने टिपण काढून पाहतात.

“रेघ वाकडी आली तरी चालती, बाई,” अण्णा म्हणाले, “आकडा चुकला की दोन घरं कोर्टात जातात. आणि मोजताना लगतचा कब्जेदार हजर होता का नव्हता, ते बघायचं असतं.”

मी त्यांना प्रदर्शनात सामील होण्याची विनंती केली, तेव्हा ते संकोचले. आपण चित्रकार नाही, असे त्यांनी तीनदा सांगितले. शेवटी त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी मोजलेल्या एका शेताचे टिपण आठवणीतून मोठ्या कागदावर काढून दिले. आकडे बरोबर आहेत, अशी ग्वाही ते देत नव्हते, म्हणून आकड्यांच्या जागा त्यांनी मोकळ्या ठेवल्या आणि त्या दिवशी बांधावर हजर असलेल्या माणसांच्या जागा मात्र नेमक्या दाखवल्या: पाटील कुठे उभा होता, दोघे भाऊ कुठे, आणि त्यांची आई आंब्याखाली कुठे बसली होती. त्या आईने मोजणीभर एक शब्दही उच्चारला नाही, असे अण्णांनी सांगितले. कागदावर तिच्या जागी एक छोटे वर्तुळ आहे आणि सगळ्या रेघा त्या वर्तुळापासून दूर जाताना दिसतात. प्रमाणात काढले असते, तर हे दिसले नसते.

त्या रात्री मी अटींचे पत्र बाजूला ठेवले आणि त्याऐवजी प्रत्येकाला दोन प्रश्न पाठवले. तुमच्या नकाशात वर काय आहे? आणि तुम्ही कशाने मोजले? चित्राखाली लावायच्या चिठ्ठीवर नाव, माध्यम आणि या दोन प्रश्नांची उत्तरे एवढेच छापायचे ठरले. मला आजही वाटते की हाताने केलेल्या नकाशाला याहून अधिक काही विचारू नये आणि याहून कमीही विचारू नये. आपण कुठे उभे राहिलो आणि कशाने मोजले, हे सांगणारा माणूस जे दाखवतो त्यावर विश्वास ठेवता येतो, मग त्याचा आकार कसाही असो. हे न सांगणारा नकाशा कितीही रेखीव असला, तरी त्याच्याकडे पाहताना मला आता अस्वस्थ वाटते.

उत्तरे येत गेली. आक्कांनी वीत लिहायला सांगितली. जोतिबाच्या डोंगरावर दर वर्षी चालत जाणाऱ्या एका तरुण चित्रकाराने त्या वाटेचा नकाशा गुलालात केला होता, त्याने ‘चांगभलंच्या आरोळ्या’ असे लिहिले. दोन आरोळ्यांमधले अंतर हे त्याचे माप. हा नकाशा रोज थोडा थोडा खाली झडत होता आणि त्याखालची फरशी लाल होत होती, ते त्याला मंजूर होते.

शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत मूर्तिकाम करणाऱ्या मामांचे उत्तर मात्र एका ओळीत मावले नाही. त्यांनी एका फळीवर शाडूत आपली गल्ली केली होती, सगळी घरे सारख्या उंचीची. प्रत्येक घराच्या भिंतीवर नखाने ओढलेल्या दोन रेघा होत्या, एक २०१९ ची आणि एक जुलै २०२१ ची, जेव्हा बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांच्याही वर गेले होते. पाणी त्यांनी मूर्तींनी मोजले होते. ज्या घरात फूटभर उंचीचे गणपती बुडाले, ज्या घरात दीड फुटांचे, ज्या घरात सिंहासनापर्यंत पाणी येऊन थांबले आणि मूर्ती तरल्या, असा तो हिशेब होता. पूर येतो तो श्रावणाच्या आगेमागे, म्हणजे नेमका तेव्हा, जेव्हा वर्षभराची मूर्ती अर्धी वाळलेली आणि रंगायची राहिलेली असते. कच्ची शाडूची मूर्ती पाण्यात टिकत नाही, बसल्या जागी विरघळते. नकाशाही त्यांनी जाणूनबुजून कच्चाच ठेवला होता, न भाजता.

पाटबंधारे खात्याच्या नकाशांत नदीकाठी दोन पूररेषा असतात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. बांधकामाच्या परवानग्या या रेषांवर ठरतात, त्यामुळे त्या आवश्यक आहेत, याबद्दल मला शंका नाही. पण दोन वर्षांत दोनदा घरात पाणी आलेल्या माणसासमोर ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द उच्चारताना जीभ जड होते. मामांनी रेषांची चौकशी नीट केली, माझ्याकडून समजून घेतली आणि मग आपल्या फळीच्या कडेला तिसरी एक रेघ ओढली. शिवाजी पुलाच्या दगडी बांधकामावर माशासारखा एक आकार आहे. पाणी तिथे टेकले की कोल्हापुरात ‘मच्छिंद्री झाली’ म्हणतात आणि जुनी माणसे सामान वर चढवू लागतात. ती रेघ मच्छिंद्रीची. चिठ्ठीवर त्यांनी ‘वर काय आहे?’ याच्यापुढे ‘माळा’ असे लिहिले.

निपाणीहून रोज कोल्हापूरला शिकायला येणाऱ्या मुलीचा नकाशा एका लांब पट्टीवर होता. महामार्गावर कागल मागे पडते, कोगनोळी येते आणि दुकानांवरच्या पाट्यांची लिपी बदलू लागते. एकदम बदलत नाही. काही अंतर दोन्ही लिप्या एकमेकींत मिसळून चालतात, एकाच पाटीवर एक वर, एक खाली. तिने राज्याची सीमा काढली नव्हती, फक्त पाट्यांवरची अक्षरे नक्कल करून क्रमाने लावली होती, पंक्चरवाल्याची, रसवंतीगृहाची, दातांच्या दवाखान्याची. सीमाभागातल्या मराठी घरात वाढलेल्या मुलीने हा विषय किती हळुवार हाताने धरला आहे, हे मला ती पट्टी उलगडताना कळत होते. माप होते बसचे तिकीट. सुरुवातीला तिने पट्टीच्या मागे भारताची फिकट आकृती ठेवली होती आणि त्यावरून आमची दोन दिवस चर्चा झाली, कारण १९६१ च्या कायद्याप्रमाणे भारताचा नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळणारा नसेल, तर तो प्रसिद्ध करणे गुन्हा ठरू शकते. फेब्रुवारी २०२१ पासून नकाशे करण्यावरची पूर्वपरवानगीची बंधने बरीच सैल झाली आहेत, पण देशाची सीमा हवी तशी काढण्याची मोकळीक त्यात नाही, आणि नसावी, असेच माझे मत आहे. आम्ही अधिकृत नकाशा समोर ठेवून तिची आकृती तपासायला बसलो. निम्म्यावर तिनेच ती पुसली, कारण तिच्या पट्टीला त्या आकृतीची गरज नव्हती.

मांडणीच्या कामाबद्दल लिहायला हवे, कारण प्रदर्शन म्हणजे तेच असते. दालन सात दिवसांसाठी मिळाले होते, जानेवारीत. प्रत्येकी १,५०० रुपये वर्गणी काढली होती. त्यातून भाडे, टेम्पो, चिठ्ठ्यांची छपाई आणि निमंत्रणपत्रिका भागल्या, काचा भागल्या नाहीत. भिंतीत खिळा ठोकायला दालनाची मनाई होती. छताजवळच्या पट्टीवरून तारा सोडून चित्रे टांगायची असतात, आणि वाकळेचे वजन त्या तारांना पेलेना. पहिल्या प्रयत्नात एक आकडा निसटला, वाकळ एका अंगाने खाली आली आणि शेजारी टेकवून ठेवलेल्या चित्राची काच तडकली. काच नवी घातली, चित्राला धक्का लागला नव्हता, पण माझे हात थरथरत होते आणि मी खाली बसून राहिले.

अण्णांनी त्या वेळी विल्यम लॅम्बटनची गोष्ट सांगितली. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून ज्याने भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, तो हा अधिकारी. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर त्याचे सुमारे अर्धा टन वजनाचे कोनमापक यंत्र वर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे वर्तुळ वाकले. तंजावरात तेव्हा सरफोजीराजे होते. लॅम्बटनने तंबूत बसून सहा आठवडे ते वर्तुळ हाताने ठोकून सरळ केले आणि पुन्हा मोजणी सुरू केली. मोजत मोजत तो उत्तरेकडे आला आणि १८२३ मध्ये आपल्या विदर्भात हिंगणघाटला वारला. तिथे त्याची कबर आहे. अण्णा नोकरीत असताना रजा काढून ती पाहायला गेले होते. गोष्ट संपवून ते उठले आणि बाजारातून एक जाड वेळू घेऊन आले. तो वेळू दोन लाकडी घोड्यांवर आडवा टाकून वाकळ त्यावर सोडली. भिंतीला स्पर्श न करता ती उभी राहिली.

कोणते चित्र कुठे, हा प्रश्न त्यानंतर आपोआप सुटला. दालनाचे दार पश्चिमेला होते. आत येणाऱ्याचे तोंड पूर्वेकडे, म्हणून आक्कांची वाकळ समोर, पूर्वेच्या अंगाला. म्हणजे तिच्यापुढे उभे राहिल्यावर वाकळेतली उगवत आणि खरी उगवत एकाच दिशेला येत होत्या आणि उजव्या हाताला खरोखरच दक्षिण होती. मग आम्ही तेच सूत्र धरले. ज्या नकाशाच्या वर जी दिशा, त्या भिंतीवर तो नकाशा. निपाणीची पट्टी दक्षिणेच्या भिंतीवर गेली. अण्णांचे टिपण उत्तरेला गेले, जोतिबाची वाट वायव्येच्या कोपऱ्यात. मामांची गल्ली मधोमध जमिनीवर ठेवली, कारण तिच्या वर दिशा नव्हती, माळा होता. समूह प्रदर्शनात बारा जणांची बारा तोंडे बारा दिशांना असतात आणि मांडणारा आपल्या रुचीने त्यांना एका सुरात बसवू पाहतो. इथे तोंडे ज्या दिशांना होती तिकडेच ठेवल्यावर खोली नीट लागली.

पाहायला आलेल्यांमध्ये मला सर्वांत लक्षात राहिले ते गुजरीतले एक वृद्ध सराफ. वाकळेसमोर ते बराच वेळ हात जोडून उभे राहिले. मग त्यांनी शत्रुंजयाच्या पटाबद्दल सांगितले: कार्तिकी पौर्णिमेला गावोगावी डोंगराचा रंगवलेला मोठा पट मांडतात, आणि ज्यांना पालिताण्याला जाऊन डोंगर चढणे शक्य नाही, ते त्या पटाचे दर्शन घेतात, म्हणजे त्यांना यात्रा घडते. मी ज्याला नकाशा म्हणत होते, त्याच्यावरून चालत जाता येते, हे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. त्यांनी विचारून मग वाकळेला हात लावला आणि सरस्वती त्यांना सापडली.

पाचव्या दिवशी दुपारी आक्का आल्या आणि म्हणाल्या, की वाकळ न्यायची आहे. लेक बाळंतपणाला आली होती, आदल्या रात्री मुलगी झाली होती आणि थंडी वाढली होती. प्रदर्शनाचे दोन दिवस राहिले होते. पत्रिकेवर वाकळेचेच छायाचित्र होते. मी त्यांना दुसरी रजई घेऊन देते म्हटले, रविवारपर्यंत थांबा म्हटले, आणि हे बोलत असतानाच मला ते बोलणे बरे वाटत नव्हते. आक्का रागावल्या नाहीत. “बाई, साठ घरांचं कापड हाय त्यात,” त्या म्हणाल्या, “पोरीच्या अंगावर पयलं त्येच पडाय पायजे.” आम्ही दोघींनी मिळून वाकळ वेळूवरून उतरवली. त्यांनी ती नदीच्या पट्ट्यावर दुमडली, मग पुन्हा एकदा, आणि पिशवीत भरली.

त्या निघाल्या तेवढ्यात पत्रिका हातात घेऊन एक गृहस्थ आत आले. ते वाकळच पाहायला इचलकरंजीहून आले होते. समोर रिकामा वेळू होता आणि खाली चिठ्ठी: वर काय आहे? उगवत. कशाने मोजले? वितीने. मी त्यांना काय सांगावे याचा विचार करत होते, तोवर आक्कांनी माझ्याकडे पेन मागितले. गृहस्थांच्या हातातली पत्रिका उलटी करून, वेळूच्या घोड्यावर टेकवून, त्या काढू लागल्या: शिवाजी पूल, आंबेवाडीचा फाटा, मारुतीचे देऊळ, गिरणी, वड. या खेपेस पाणी नव्हते, त्यामुळे रस्तेही आले. गिरणीच्या मागे त्यांनी एक चौकोन काढला आणि त्यात एक छोटी खूण केली. “बाळतीण हाय घरात,” त्या म्हणाल्या, “दहा-बारा दिसांनी या. बगायला मिळंल.” गृहस्थांनी पत्रिकेवरची शाई फुंकर घालून वाळवली, ती सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि आक्कांची पिशवी उचलून त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला गेले.